भोंगा साठ वेळा वाजला तर?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं एक गाव आहे. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळातून भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि पोरं दप्तरं उघडून बसतात. साडेआठला दुसरा भोंगा. मग ज्याला जे बघायचं ते त्याने खुशाल बघावं!

कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरत होती. पुढे शाळा उघडल्या, फळे-बाकं परत आली, पण मोबाइल काही हातातून सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, सरपंच विजय मोहिते यांनी गावातल्या बायकांची सभा घेतली आणि हा दीड तास ठरला. सुरुवातीला लोक हसले. घरोघर फिरून समजावावं लागलं. मग मात्र सवय लागली, आणि या गावची बातमी परदेशापर्यंत पोहोचली.

मला यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं वाटतं, सांगू? ‘रोज’. एक दिवस भोंगा वाजवणं कुणालाही जमेल. पण लग्नसराईत, धो धो पावसात, घरी पाहुणे आलेले असताना, वर्षाचे ३६५ दिवस बरोबर सातच्या ठोक्याला तो वाजवायचा म्हणजे खायचं काम नाही. म्हणून आज आपण असं समजू, की हा भोंगा आपल्याला संगणकाकडे सोपवायचा आहे. संगणक विसरत नाही, कंटाळत नाही. पण त्याला ‘रोज संध्याकाळी सातला’ हे सांगायचं कोणत्या भाषेत?

त्यासाठी एक भाषा आहे, आणि ती इतकी छोटी आहे की तिची सगळी अक्षरं आज तुम्हाला पाठ होतील.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये बेल लॅब्ज नावाची नामांकित प्रयोगशाळा. तिथल्या मंडळींनी युनिक्स नावाची संगणकप्रणाली बनवली. तिची सातवी आवृत्ती १९७९ साली आली आणि तिच्यात एक चिमुकला प्रोग्रॅम होता. त्याचं नाव क्रॉन. तो ब्रायन कर्निगन यांनी लिहिला असं मानतात. १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती लिहिली, आणि आजही जगभरच्या संगणकांत तिची नातवंडं-पतवंडं राबताहेत. बँकेचा रात्रीचा हिशोब, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरची ताजी पानं, फोटोंच्या प्रती दुसरीकडे जपून ठेवणं, अशी कितीतरी कामं जगात कुठे ना कुठे क्रॉन किंवा त्याचे भाऊबंद करत असतात.

क्रॉनला काम सांगायचं म्हणजे एक ओळ लिहायची. ओळीत आधी वेळेचे पाच रकाने, आणि त्यांच्यापुढे काय करायचं ते. वडगावच्या पहिल्या भोंग्याची वेळ अशी होईल:

० १९ * * *

पहिला रकाना मिनिटाचा, दुसरा तासाचा, तिसरा तारखेचा, चौथा महिन्याचा, पाचवा वाराचा. क्रॉन रेल्वेच्या वेळापत्रकासारखा चोवीस तासांचा हिशोब मानतो, म्हणून संध्याकाळचे सात म्हणजे १९. आणि ती चांदणी? चांदणीचा अर्थ ‘कोणताही चालेल’. कोणतीही तारीख, कोणताही महिना, कोणताही वार, पण तास १९ आणि मिनिट ०. म्हणजेच रोज संध्याकाळी सात. साडेआठचा दुसरा भोंगा तुम्हीच लिहून बघा बरं. जमला ना? ३० २० * * *. (खऱ्या संगणकावर हे आकडे इंग्रजी लिपीत टंकायचे असतात, एवढं लक्षात ठेवा.)

वारांची गंमत आहे. सोमवार १, मंगळवार २ असं करत शनिवार ६. मग रविवार? त्याला बऱ्याच ठिकाणी ०ही चालतो आणि ७ही चालतो! आठवडा रविवारी सुरू होतो की रविवारी संपतो, या भांडणात न पडता दोघांनाही खूश करून टाकलंय.

आता क्रॉन काम कसं करतो ते अगदी जवळून पाहू. समजा, मंगळवार आहे. घड्याळात १८:५९ झाले. क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, तसा आत्ताही झाला. त्याने आपली ओळ काढली आणि विचारलं, मिनिट ० आहे का? नाही, ५९ आहे. संपलं, तो पुन्हा झोपला. साठ सेकंदांनी परत जागा. मिनिट ० आहे का? आहे. तास १९ आहे का? आहे. तारीख चालेल का? चांदणी आहे, कोणतीही चालेल. महिना? चालेल. वार? चालेल. पाचही प्रश्नांना ‘हो’ आलं, आणि भोंगा वाजला! १९:०१ ला तो पुन्हा उठेल, मिनिट १ बघेल आणि पुन्हा झोपेल. दिवसात २४ गुणिले ६०, म्हणजे १४४० वेळा तो उठतो. त्यातली १४३९ वेळा या ओळीपुरतं त्याच्या हाताला काहीच काम नसतं. तरी तो उठतोच.

आता शीर्षकातली गोष्ट. समजा कुणी घाईघाईत पहिल्या रकान्यात ० ऐवजी चांदणी टाकली:

* १९ * * *

वाटतं, की सातला वाजेल. पण क्रॉनला आपण सांगितलं काय? तास १९ हवा, मिनिट कोणतंही चालेल! सात वाजता भोंगा. सात वाजून एक मिनिटाला भोंगा. सात वाजून दोन मिनिटांना भोंगा. असं करत सात एकोणसाठपर्यंत एकूण साठ वेळा. कसला अभ्यास नि कसलं काय, अख्खं गाव कानात बोटं घालून बसेल! ही चूक मोठे मोठे प्रोग्रॅमरही करतात. एका चांदणीने साठपट काम वाढतं.

चांदणीखेरीज तीन खुणा आहेत. स्वल्पविराम, आडवी रेघ आणि तिरकी रेघ. त्या शिकायला आपण उसाच्या रानात जाऊ. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्या मुलांना पाळीचा भोंगा काय असतो ते सांगायला नको. समजा, एका कारखान्यात पाळी पहाटे चारला, दुपारी बाराला आणि रात्री आठला बदलते. तर तासाच्या रकान्यात ४,१२,२० असं स्वल्पविराम देऊन लिहायचं. तीन भोंगे, ओळ एकच.

पण कारखाना काही बारा महिने गाळप करत नाही. हंगाम धरू नोव्हेंबर ते मार्च. आडवी रेघ म्हणजे ‘पासून-पर्यंत’, मग महिन्याच्या रकान्यात लिहू या ११-३. आणि इथे क्रॉन अडून बसतो! अकरापासून पुढे मोजत गेलं तर तीन कधी येणार? बारानंतर एक येतो हे तुम्हा-आम्हाला कळतं, त्याला नाही. त्याचं वर्ष डिसेंबरला संपतं. म्हणून हंगामाचे दोन तुकडे करायचे:

० ४,१२,२० * ११-१२,१-३ *

रात्री दहा ते पहाटे सहाच्या वेळीही हीच अडचण येते. मध्यरात्र ओलांडली की तास पुन्हा शून्यापासून सुरू, म्हणून २२-२३,०-५ असं लिहावं लागतं.

आता साताऱ्याकडे चला. पावसाळ्यात सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत तीन नावं रोज एकत्र येतात: कोयना, नवजा, महाबळेश्वर. कुठे किती मिलिमीटर पाऊस पडला, कोयना धरणात किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी झालं, हे वाचल्याशिवाय मोठ्या माणसांना चहा गोड लागत नाही. का लागेल? कोयना धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं, आणि तिथून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून पुढे सांगलीच्या घाटावर येतं.

हा पाऊस मोजायची एक ठरलेली वेळ आहे. भारतीय हवामान विभाग देशभर सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस तो ‘आजचा’ पाऊस. पावसाळ्याचे चार महिने ती नोंद संगणकाने उचलायची असेल तर ओळ होईल ३० ८ * ६-९ *.

पण साडेआठच का? आठ नाही, नऊ नाही, मध्येच हे साडेआठ कुठून आलं? याचं उत्तर सुंदर आहे. हवेला देशांच्या सीमा नसतात, म्हणून जगभरचे हवामानशास्त्रज्ञ एकाच क्षणी नोंदी घेतात, आणि त्यासाठी सगळ्या जगाचं एक सामाईक घड्याळ वापरतात. ते इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या रेखावृत्तावरून ठरलं. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असतं. साडेआठातून साडेपाच वजा करा. तीन! त्या सामाईक घड्याळात तेव्हा बरोबर तीन वाजलेले असतात.

जगातले पुष्कळसे मोठे संगणकही याच सामाईक घड्याळावर चालतात, आणि क्रॉन ज्या संगणकावर बसलाय त्याचंच घड्याळ मानतो. अशा संगणकावर जर आपण वडगावची ओळ जशीच्या तशी, ० १९, लिहिली तर? तिथे १९ वाजतील तेव्हा वडगावात साडेपाच तास जास्त झालेले असतील. म्हणजे रात्रीचे साडेबारा! त्या संगणकासाठी लिहायला हवं ३० १३ * * *.

आता सांगलीला, कृष्णेच्या काठावर. इथे १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न, ‘आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे?’ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी चढू लागलं की दिवसातून एकदा बघून भागत नाही. दर तासाला बघायचं तर ० * * * *. दर पंधरा मिनिटांनी बघायचं तर मिनिटाच्या रकान्यात तिरकी रेघ:

*/१५ * * * *

म्हणजे ०, १५, ३०, ४५. छान. आणि कुणी म्हणालं, दर सात मिनिटांनी बघा? लिहू या */७. क्रॉन ०, ७, १४, २१ असं करत ५६ पर्यंत जाईल. पुढे ६३ हवे, पण तासात तेवढी मिनिटंच नाहीत. मग नवा तास सुरू झाला की तो पुन्हा ० पासून मोजायला लागतो. ५६ ते ० मध्ये अंतर किती? फक्त चार मिनिटं! सात, सात, सात, आणि मध्येच एकदा चार.

म्हणजे बिनचूक अंतर हवं असेल तर ज्याने ६० ला नि:शेष भाग जातो तोच आकडा घ्यायला हवा. काढा बघू: १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६०. तब्बल बारा विभाजक! शंभर हा केवढा मोठा आकडा, पण त्याला नऊच आहेत. हजारो वर्षांपूर्वी बाबिलोनचे लोक साठाच्या पटीत मोजत, ते साठ आपल्या घड्याळात येऊन बसले, आणि आज क्रॉनवाल्यांना त्याचा असा उपयोग होतोय. गणिताच्या तासाला विभाजक कशासाठी शिकायचे असं कुणी विचारलं, तर त्याला हे */७ चं उदाहरण जरूर दाखवा.

तारखांमध्येही हेच होतं. जत किंवा माणसारख्या दुष्काळी भागात नळाला दिवसाआड पाणी हे काही नवं नाही. तारखेच्या रकान्यात */२ लिहिलं की १, ३, ५ करत ३१ तारीख येईल. आणि दुसऱ्या दिवशी? १ तारीख! लागोपाठ दोन दिवस पाणी. लोकांना आनंद होईल, टाकी मात्र रिकामी.

आता एक खरं कोडं. दर दीड तासाने, म्हणजे ९० मिनिटांनी एखादं काम करायचं आहे. मिनिटाच्या रकान्यात ९० मावत नाही, तिथे ५९ च्या पुढे जागाच नाही. थोडं थांबा, पुढे वाचू नका, कागदावर वेळा मांडून बघा.

मध्यरात्री ०:०० पासून सुरुवात करू. १:३०, ३:००, ४:३०, ६:००, ७:३०... दिसलं का काही? ज्या वेळा पूर्ण तासावर येतात त्या ०, ३, ६, ९ अशा तीन-तीन तासांनी आहेत. आणि ज्या अर्ध्यावर येतात त्याही तीन-तीन तासांनीच, फक्त १ पासून सुरू झालेल्या. म्हणजे एका ओळीत जे मावत नव्हतं ते दोन ओळींत मावलं (आडवी आणि तिरकी रेघ एकत्र आली, की ०-२१/३ म्हणजे ० पासून २१ पर्यंत दर तिसरा तास):

० ०-२१/३ * * *
३० १-२२/३ * * *

दिवसाला सोळा वेळा, आणि मध्यरात्रीही अंतर बिघडत नाही, कारण १४४० ला ९० ने पूर्ण भाग जातो. १०० मिनिटांसाठी असं करून पाहा. तिथे रोज चालणाऱ्या कितीही ओळी लिहिल्या तरी मध्यरात्री गडबड होणारच. का, ते तुम्ही आता स्वतः सांगू शकता.

क्रॉनचा एक हट्ट मात्र मला अजिबात पटत नाही. समजा, शाळेने ठरवलं की महिन्याच्या पहिल्या शनिवारी दप्तराला सुट्टी, आणि त्या दिवशी सकाळी आठला सगळ्यांच्या घरी तसा निरोप जावा. पहिला शनिवार नेहमी १ ते ७ तारखांमध्येच येतो. मग लिहिलं ० ८ १-७ * ६. अगदी बरोबर वाटतं ना? पण तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले, की क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही. दोघांपैकी एक जुळलं तरी तो काम करतो! म्हणजे १ ते ७ तारखेपर्यंत रोज निरोप, आणि पुढे प्रत्येक शनिवारी निरोप. महिन्यात दहा-अकरा दिवस पोरं बिनदप्तराची शाळेत! बाकीचे सगळे रकाने ‘आणि’ने जोडलेले, हे दोनच ‘किंवा’ने. यावर उपाय असा: ओळीत फक्त १-७ लिहायचं आणि निरोप पाठवणाऱ्या प्रोग्रॅमलाच सांगायचं, की आधी आज शनिवार आहे का ते बघ, नसेल तर गप्प बस.

आणि वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पहिला यायला हवा! समजा ६:५५ ला वीज गेली आणि ७:१० ला आली. संगणक सुरू झाला, क्रॉन जागा झाला, त्याने घड्याळ बघितलं: १९ वाजून १० मिनिटं. ओळीत मिनिट ० आहे. जुळत नाही. विषय संपला. सातचा भोंगा राहून गेला हे त्याच्या गावीही नसतं, कारण तो फक्त आत्ताचं मिनिट बघतो. अशी राहिलेली रोजची कामं नंतर उरकण्यासाठी लोकांनी अ‍ॅनाक्रॉन नावाचा वेगळा प्रोग्रॅम केला. तो काम शेवटी कोणत्या दिवशी झालं ते लिहून ठेवतो.

शेतातल्या विहिरीवरच्या मोटरीला ‘ऑटो’ बसवलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी मध्यरात्री येते. वीज आली की ऑटो आपोआप मोटर चालू करतो. त्याला किती वाजले याच्याशी देणंघेणं नाही, वीज आली एवढंच त्याला कळतं. क्रॉनचं बरोबर उलटं. त्याला फक्त किती वाजले एवढंच कळतं. धरणाची पातळी रोज ठरल्या वेळी वाचणं हे क्रॉनचं काम. पाणी वाढलं म्हणून सावधानतेचा इशारा देणं हे ऑटोसारख्या यंत्रणेचं काम. पुराच्या दिवसांत दोन्ही लागतात.

क्रॉनला तिथीही कळत नाही. साताऱ्याच्या वाई तालुक्यात मांढरदेवीची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. ही पौर्णिमा २०२४ मध्ये २५ जानेवारीला आली, २०२५ मध्ये १३ जानेवारीला, २०२६ मध्ये ३ जानेवारीला. दर वर्षी बदलणाऱ्या या तारखेला एका ओळीत बांधायला पाच रकान्यांत जागा नाही. चंद्र बघायला दुसरा प्रोग्रॅम हवा.

वर्षाचा तर रकानाच नाही. साताऱ्याहून जवळच कासचं पठार आहे. तिथे टोपली कारवी नावाचं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं, आणि एरवी हिरवं गुमान उभं असतं. दर सात वर्षांनी अमुक कर, असं क्रॉनला थेट सांगता येत नाही. त्याचं ज्ञान डिसेंबरपर्यंत, मग पुन्हा जानेवारी.

तरीही वर्षाच्या रकान्याशिवाय चार वर्षांतून एकदाच होणारं काम त्याच्याकडून करून घेता येतं! कसं? हे बघा:

० ९ २९ २ *

२९ फेब्रुवारी, सकाळी नऊ. पुढची पाळी २०२८ साली, मग २०३२, २०३६. असं दर चार वर्षांनी करत करत ही ओळ २०९६ मध्ये चालेल, आणि २१०० साली मात्र चालणार नाही. कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष असतं, आणि २१०० ला तो जात नाही. पुढचा २९ फेब्रुवारी थेट २१०४ मध्ये, आठ वर्षांनी. अशी आठ वर्षांची उडी यापूर्वी शेवटची कोणत्या दोन सालांमध्ये पडली होती, ते आता तुम्ही शोधून काढा.